साडू, स्कॅनर आणि उंदरावरचा आळ

बारामतीपासून इंदापूरपर्यंत ज्या ज्या जुन्या गाडीच्या मीटरमध्ये इंजिनचा तो पिवळा दिवा लागला असेल, त्या प्रत्येक गाडीत माझे साडू एकदा तरी डोकं घालून आलेले आहेत, असं मी छातीठोकपणे सांगतो. लोणी देवकरच्या एका कारखान्यात ते इलेक्ट्रिशियन. तिथल्या मशिनांवर त्यांचं पोट चालतं. जीव मात्र दोन-तीन मालक बघितलेल्या, रंग उडालेल्या गाड्यांवर. लोक खिशाला पेन लावतात, साडूंच्या खिशात काडेपेटीएवढा स्कॅनर असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो खोचला की मोबाइलवर कोड उमटतो, एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे चार आकडे. ते वाचताना साडूंचा चेहरा पोराचा दहावीचा निकाल बघणाऱ्या बापासारखा होतो.

त्यांना लग्नाला बोलवावं, पण मांडवात शोधू नये. ते पार्किंगमध्ये असतात. बारामतीच्या एका लग्नात नवरानवरी सजवलेल्या गाडीत बसली, ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, गाडी कचके खायला लागली आणि साडू आडवे पडले. अक्षरशः आडवे नव्हे, पण बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे. "जळता दिवा म्हंजे सवडीनं या. लुकलुकता दिवा म्हंजे हाय तितंच थांबा! एक सिलेंडर पेटंना झालाय. अशीच पळवली तर सायलेन्सर लाल हुईल." मुहूर्त, फोटोग्राफर, रुसलेली वरमाय, कशाकशाला त्यांनी दाद दिली नाही. शेवटी वरात ढोबळी मिरची वाहणाऱ्या पिकअपमधून निघाली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं साडूंचंच निदान खरं ठरवलं, पण वरमाय अजून त्यांच्याकडे पाठ करूनच बसते.

माझ्या गाडीचीही तीच कथा. दिवा लागला, कोडात सेन्सरचं नाव आलं म्हणून गॅरेजवाल्यानं सेन्सर बदलला. आठ दिवसांत दिवा परत हजर. साडू आले, बॉनेट उघडून कान लावून बसले आणि बोटाएवढी एक रबरी नळी त्यांनी माझ्यापुढं धरली. तिला चीर गेली होती आणि तिथून इंजिन वारा ओढत होतं. "जो वरडतो त्यालाच बदलायचं व्हय, साडूभाऊ? का वरडतोय ते बघा की आधी." आमच्या शेजाऱ्यांना गाडी विकायची होती. त्यांनी "तेवढा दिवा पुसून द्या" म्हटल्यावर साडू न जेवता उठून गेले. कोड पुसायला बटण एकच, पण कारण सापडल्याशिवाय त्यांचं बोट त्या बटणावर जायचं नाही. "कोड खोटं बोलत न्हाय. मग आपण कशाला बोलायचं?"

या माणसाशी आमचे सासरे बोलत नसत. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात. लासुर्ण्याला त्यांचा ऊस. धाकट्या लेकीनं कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनशी परस्पर रजिस्टर लग्न केलं, ते त्यांच्या मनातून जाईना. साडू समोर बसलेले असले तरी तात्या भिंतीकडे बघून म्हणायचे, "त्यांना भाजी वाढा म्हणावं." अशी आठ वर्षं गेली.

तीनेक वर्षांमागची दसऱ्यानंतरची गोष्ट. तात्यांच्या जुन्या गाडीचा दिवा लागला. गाडी काळा धूर टाकू लागली. गावातल्या मेकॅनिकनं लांबूनच बघून "इंजिनचं काम निघंल" म्हणून सांगितलं. माझा मेहुणा तर अशा संधीची वाटच बघत होता. तात्यांनी या वयात गाडी चालवू नये, असं त्याचं मत. "एकदाची विकून टाकू," तो म्हणाला. तात्या ओट्यावर जाऊन बसले. पण सकाळी स्वतः गाडी काढून इंदापूरला जाणं, चार माणसांत बसणं, हा त्यांचा सगळा रुबाब होता, आणि तो आता जाणार हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

मीच साडूंना फोन केला. ते आले, स्कॅनर लावला, कोड वाचला. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान सांगणारी तार कुठंतरी तुटली असावी, असं त्यावरून दिसत होतं. बॉनेट उघडून ते वाकले. मी टॉर्च धरला होता, म्हणून मला दिसलं. एअर फिल्टरजवळचं प्लगसारखं कनेक्टर जागेवरून निघालं होतं, आणि ते लोंबू नये म्हणून कुणीतरी सुतळीनं पाइपाला बांधून ठेवलं होतं. चांगली दोन पदरी निरगाठ. दसऱ्याला तात्यांनी गाडी धुतली होती, फिल्टर काढून साफ केला होता. परत बसवताना ते त्यांना जमलं नव्हतं.

मेहुणा मागं उभा होता. "काय झालंय, दाजी?"

साडूंनी सुतळी सोडली, मुठीत घेतली, कनेक्टर टक्‌ करून बसवलं. "उंदीर," ते म्हणाले.

"उंदीर?"

"उसाच्या कडंला गाडी लावता, मग काय हुईल? वायर वढलीया त्यानं. इंजिनला काय बी झालं न्हाय. धा वर्सं चालंल गाडी." आणि त्यांनी कोड पुसला.

किल्ली फिरवली. दिवा लागला आणि विझला. तात्या ओट्यावरून उठले. साडूंच्या मिटलेल्या मुठीकडे त्यांनी एकदा बघितलं, गाडीत बसले आणि शेजारचं दार आतून उघडलं.

"बसा पुढं," ते म्हणाले. या वेळी भिंतीकडे नव्हे.

दोघं कालव्यापर्यंत गेले आणि चांगल्या तासाभरानं आले. काय बोलले ते कुणालाच कळलं नाही. बारामतीला परतताना मी साडूंना छेडलं, "कोड खोटं बोलत नाही ना?" ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "कोडात काय झालंय तेवढंच येतं, साडूभाऊ. कुणी केलं ते येत न्हाय."

तात्यांनी पुढं दोन वर्षं गाडी चालवली. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. गाडी अजून लासुर्ण्यालाच असते. विकायचं नाव मेहुणाही काढत नाही. साडू तिथं गेले की ती चालू करतात आणि पाच-दहा मिनिटं नुसते आत बसून राहतात. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगतात. परवा मीही जाऊन शेजारी बसलो. काचेपलीकडे उसाला तुरे आले होते.