दारात उभे राहणारे परकार सर

परकार सर बैठकीला यायचे, पण बसायचे नाहीत. त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्चीवर त्यांची छत्री आणि जेवणाचा डबा बसायचा. स्वतः ते दारात उभे, एक पाय खोलीत, एक व्हरांड्यात. वारा आला की दार त्यांच्या खांद्यावर आपटायचं. ते खांद्यानेच परत ढकलायचे आणि बोलणं चालू ठेवायचे. पहिल्या बैठकीत मला वाटलं, यांना कुठे तरी जायची घाई आहे. विषयपत्रिका माझ्या हातात होती, म्हणून विचारलं, "सर, तुमचा मुद्दा आधी घेऊ का? निघायचंय ना तुम्हाला?"

"नाही हो मॅडम. मी आत यायला बघतोय," ते म्हणाले. "तुम्ही घेताय का ते कळत नाही अजून."

महाडला आमच्या महाविद्यालयाने समुदाय शिक्षण केंद्र नुकतंच सुरू केलं होतं. वायरिंग, शिवणकाम, संगणक, रुग्णसेवा असे वर्षभराचे अभ्यासक्रम. महाड-पोलादपूरच्या खेड्यांतल्या मुलामुलींनी यावं, हातात काम घेऊन बाहेर पडावं, हा हेतू. प्रत्यक्षात बाजारपेठेतलीच मुलं यायची आणि अर्धे वर्ग रिकामे राहायचे. तेव्हा माहितीपुस्तिकेतली अभ्यासक्रमांची वर्णनं आणि प्रवेशाच्या अटी नव्याने लिहाव्यात असं ठरलं. समितीची सचिव मी. परकार सर वायरिंग शिकवायचे. आखातात बरीच वर्षं कामगारांना शिकवून ते महाडला परतले होते आणि केंद्रात दर वर्षी नव्याने नेमणूक मिळणारे शिक्षक होते. म्हणजे जास्त बोलू नये अशी त्यांची जागा होती. ते सगळ्यांत जास्त बोलायचे.

त्यांची कामाची पद्धत अशी. एखादं वर्णन वाचून झालं की ते म्हणत, "सोमवारी सकाळचं सांगा." रुग्णसेवेच्या वर्णनात आम्ही लिहिलं होतं, 'रुग्णपरिचर्येच्या मूलभूत तत्त्वांचे ज्ञान प्रदान करणे.' सर दारातून म्हणाले, "छान. कोर्स संपला, सोमवार उजाडला, पोरगी दवाखान्यात गेली. आता काय करेल ती? ज्ञान प्रदान करेल?" शिकवणाऱ्या बाई चिडून म्हणाल्या, "ताप मोजेल, नाडी बघेल, रुग्णाला न उठवता चादर बदलेल!" सर माझ्याकडे वळले. "लिहा मॅडम. झालं तुमचं वर्णन." खरोखरच तेच छापलं गेलं.

अटींच्या बाबतीत ते आम्हाला याहून जास्त छळायचे. ज्याला अट हवी असेल त्याने ती दाराकडे तोंड करून बोलायची. दारात सर. कधी ते वरंधचा मुलगा व्हायचे, कधी तळीयेची दोन वर्षं घरी बसलेली मुलगी. "शाळा सोडल्यापासून एक वर्षाच्या आत प्रवेश, असं म्हणता ना? मग सांगा मला, दुसऱ्या वर्षी मी काय नासले?" लोक हसायचे, मग अट खोडायचे. मला मात्र या नाटकाचा त्रास व्हायचा. विषय वेळेत संपत नसत, आणि सर सतत या पायावरून त्या पायावर. त्यांच्याकडे बघून मलाही खुर्चीत नीट बसवेना.

एक अट मात्र हलेना: 'प्रवेशाच्या वेळी वडिलांनी प्रत्यक्ष हजर राहणे आवश्यक.' ती प्राचार्यांनी स्वतः घातली होती, आणि उगीच नाही. पूर्वी, केंद्र नव्हतं तेव्हा, एका मुलीने घरी न सांगता महाविद्यालयातल्या टायपिंगच्या वर्गाला नाव घातलं होतं. तिचे वडील आणि काका कार्यालयात आले, टेबलाची काच फुटली, मुलीला दंडाला धरून घेऊन गेले. "त्या दिवशी पोरीला मी वाचवू शकलो नाही," प्राचार्य म्हणाले. "पुन्हा तसं व्हायला नको. वडिलांसमोर सही झाली की नंतर भानगड नाही."

"साहेब, वडील आहेत कुठे इथे?" सर म्हणाले. "हिंदूंचे मुंबईत, आमचे आखातात. माझे वडील बोटीवर होते. ते येईपर्यंत थांबलो असतो तर पहिलीत अजून बसलो असतो."

त्याच जूनमध्ये कुडपणची सुनंदा शेलार आईबरोबर आली. दहावी होऊन दोन वर्षं घरी होती, रुग्णसेवेला यायचं होतं. वडील मुंबईत गोदामात कामाला. कारकुनाने पुस्तिकेत बोट ठेवून अट दाखवली. आई म्हणाली, "मी हाय ना. मी जन्म दिलाय तिला." कारकून म्हणाला, "ते खरं हो, पण वडील पाहिजेत." मायलेकी परत गेल्या. सर व्हरांड्यात उभे राहून बघत होते. त्या दिवशी त्यांचा डबा उघडलाच गेला नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही एक तोडगा काढला आणि त्यावर खूश झालो. गणपतीत चाकरमानी घरी येतात, तेव्हा प्रवेशाची दुसरी फेरी ठेवायची. वडीलही मिळतील, अटही राहील. सरांनीही मान डोलावली. मी फलक लावले, टेबलं मांडली, पाण्याचा माठ भरून ठेवला.

एकही माणूस आला नाही. गणपतीत कोकणातला माणूस मुंबईहून गावी येतो तो घर सोडून पुन्हा महाडला खिडकीशी उभा राहायला येत नाही, हे आमच्यातल्या कुणाला सुचलंच नव्हतं. आम्ही सगळे इथलेच. दुपारपर्यंत रिकाम्या टेबलाशी येरझाऱ्या घालून सर थांबले. "मॅडम, मी तर इथेच जन्मलो. दर वर्षी मित्राच्या घरी मोदक खाल्ले, तेव्हा त्याचा बाप कुठे हलायचा का घरातून?" मग म्हणाले, "ते येत नाहीत तर आपण जाऊ."

दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून मिळाली तेवढी एस.टी. आणि पुढे पायी चढ, असे आम्ही कुडपणला पोचलो. सगळीकडे धुकं होतं, शेलारांच्या घरी आरती चालली होती. ती संपेपर्यंत आम्ही अंगणात थांबलो. शेलारांनी मला पाट दिला, सरांना म्हणाले, "बसा की मास्तर."

"उभाच बरा आहे. बसलो की मला बोलायचं सुचत नाही."

"मग उभ्याउभ्या प्रसाद घ्या."

सरांनी दारात उभं राहून प्रसाद घेतला आणि सोमवारी सकाळचं सांगितलं: ताप, नाडी, चादर, महिन्याचा पगार. शेलारांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही इतकं चढून आलात, तुमचा मान हाय. पण पोरगी महाडात एकटी ऱ्हानार नाय. औंदा स्थळ बघतोय. विषय संपला." आत सुनंदा भांडी लावत होती. तो आवाज मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला.

उतरायला लागलो. वडील हवेत म्हणून आम्ही वडिलांपर्यंत गेलो होतो आणि आम्हीच त्यांना नाही म्हणायला लावलं होतं. गावाबाहेरच्या वळणावर मागून हाक आली. सुनंदाची आई पदर खोचून धावत आली होती.

"मास्तर, गनपती गेले का ते जातील मुंबईला. मग वरीसभर या घराचं कोन बघतं? गुरं, शेत, सासूचं दुखनं, समदं मीच ना? मग पोरीचं तेवढं मला बघता येत नाय व्हय?"

"आणि शिमग्याला ते परत आल्यावर, वहिनी?"

"ते माझं मी बघते. तुमच्या दाराचं तुम्ही बघा."

सर तिथेच रस्त्यावर थांबले. मग उताराला इतक्या भरभर चालू लागले की मला धावावं लागलं.

समितीची बैठक मी तातडीने बोलावली. सर दारात होतेच. या वेळी ते कोणी मुलगी झाले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, अट 'आई किंवा वडील' अशी करा. काच फोडायला कोणी आलं तर दारात मी असेन. पुढच्या वर्षी मला घेऊ नका हवं तर." प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "परकार, तुम्ही असाल हो. पण मुलीला ओढून नेलं तर तुम्ही काय करणार?" सर म्हणाले, "ते मलाही माहीत नाही." मला वाटतं, त्या उत्तरामुळेच प्राचार्यांनी सही केली. उरलेल्या पुस्तिकांवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या मी स्वतः डकवल्या. गणपतीनंतर सुनंदा आईबरोबर आली आणि रुग्णसेवेच्या वर्गात बसली.

पण सरांना चैन नव्हती. तास संपला की ते फाटकापाशी जायचे. मुंबईची गाडी आली की बोलणं अर्धवट सोडून रस्त्याकडे बघायचे. शिमग्याच्या दिवसांत तर ते दारातून हललेच नाहीत. मीही कारण नसताना व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले होते. शेलार गावी आले, पालखी नाचवली, परत गेले. घरात काय बोलणं झालं ते मायलेकींनी सांगितलं नाही. केंद्रावर कोणी आलं नाही. "न येणारा माणूस जास्त दमवतो, मॅडम," सर म्हणाले.

सुनंदा चांगल्या गुणांनी पास झाली आणि महाडच्याच एका दवाखान्यात लागली. सरांची नेमणूक पुन्हा झाली होती. त्याच मे महिन्यात घरी, अंगणात उभे असतानाच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते. मातीला गेलो तेव्हा प्राचार्य माझ्या शेजारी होते. म्हणाले, "हा माणूस माझ्या दारात उभा होता म्हणून मी रोज धास्तावलेला असायचो. आता जास्त धास्ती वाटते."

त्याच वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मुंबईच्या गाडीतून उतरून एक गृहस्थ केंद्रावर आले. खांद्याला पिशवी, हातात मखराचं सामान. मी शेलारांना ओळखलं आणि काही कळायच्या आत खुर्चीवरून उठून दारात जाऊन उभी राहिले.

"ते मास्तर कुठं हायत? आमच्या दारात उभं ऱ्हाऊन प्रसाद खाल्लेले?"

मी सांगितलं.

त्यांनी मखर भिंतीला टेकवलं. "त्यांच्याशी भांडायचं होतं," ते म्हणाले. "मला इचारून गेले, मी नाय म्हनलो, आन् मग बायकोला इचारलं. ही काय रीत झाली? शिमग्याला येनार होतो भांडायला. घरात बायको म्हनली, आधी माझ्याशी भांडा. मग ऱ्हायलंच."

"पाणी देऊ?"

"नको." त्यांनी मखर उचललं, दोन पावलं गेले आणि वळले. "धाकटीची औंदा दहावी झाली. तिलाबी तेच शिकायचंय म्हनते. गनपती झाले की मी जानार मुंबईला, मला यायला जमायचं नाय." ते माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या खोलीकडे बघत होते. "तिच्या आईला पाठवलं तर चालंल ना?"