पाचव्या चॅनेलवरचं नाव

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गाळ्यात प्रसेनजीतचं अर्धं आयुष्य सोल्डरिंग करण्यात गेलं आणि उरलेलं लिनक्सला समजावण्यात. लिनक्स, म्हणजे बोर्डाचा कारभार बघणारी प्रणाली, हुशार खरा, पण निव्वळ सांगकाम्या! बोर्डावर सेन्सरच्या व्होल्टचे आकडे करणारी चिप कुठली, तिला चॅनेल किती, हे सगळं एका फाइलीत लिहून दिल्याशिवाय त्याला काडीचं कळत नाही. प्रत्येक चॅनेलला चार ओळी. नंबर काय, नाव काय, आकडा घ्यायच्या आधी किती थांबायचं. लिहिलं की चॅनेल चालू. तिथं खरोखर काही जोडलंय का, हे तो कुणाला विचारत नाही. आणि प्रसेनजीतला वाईट खोड होती. सेन्सर बसवायच्या आधीच या ओळी लिहून टाकायचा. "लिहिलं म्हणजे निम्मं काम झालं," म्हणायचा. डोंबलाचं निम्मं!

दोन वर्षांपूर्वी आजऱ्याच्या एका काजू कारखान्यात त्यानं बॉयलरवर असाच बोर्ड बसवला. बॉयलर सांभाळायचे विजयसिंह मामा. तो निघताना मामा म्हणाले, "मागच्या भितीलाबी एक सेन्सर पायजे बघ. तिथं मला बारीक आवाज येतोय."

"पुढच्या खेपेला बसवतो, मामा."

"इसरशील."

"हे बघा, आत्ताच लिहितो फाइलीत. नाव काय देऊ?"

"माझंच दे की. म्हंजे ध्येनात ऱ्हाईल."

त्यानं हसत हसत पाचव्या चॅनेलला नाव दिलं, विजयसिंह. कोल्हापुरात आला आणि साफ विसरला. त्याच दिवाळीत मामा घरी झोपेतच गेले. कारखान्यातल्या पडद्यावर त्यांच्या नावापुढं शून्याच्या आसपास काहीतरी हलत राहिलं, पण तिकडं कोण बघतंय!

गेल्या सोमवारी कारखान्याच्या मालकीणबाईंचा, संयोगिताबाईंचा, फोन आला. आठ दिवस झाले, सकाळी बॉयलर पेटला की मामांच्या नावापुढचा आकडा चढायला लागतो. जेवणाच्या सुट्टीत उतरतो, मग परत चढतो. मामांची ड्यूटी अशीच असायची. काजू सोलणाऱ्या बायका आत पाऊल ठेवायला तयार नव्हत्या. "आजच्या आज ते नाव काढ," बाई कडाडल्या, "नाहीतर तुझा बोर्ड उचलून रस्त्यावर टाकते."

प्रसेनजीतच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन देव्हारा रिकामा केला, तेव्हाच भुतंही बाहेर घातली होती. मोकळं चॅनेल वाऱ्यावरचंही काहीबाही पकडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आजऱ्याच्या वाटेवर गारगोटी गाव मागं पडलं आणि त्याच्या मनात आलं, वाऱ्यावरचं असतं तर जेवणाच्या सुट्टीला कसं थांबलं असतं? त्यानं गाडीचा वेग कमी केला.

अकरा वाजता तो पडद्यासमोर उभा होता. विजयसिंह ६१२. बघता बघता ६१८. भ्याला तो, उगाच कशाला लपवायचं! घाईघाईनं लॅपटॉप उघडून त्यानं त्या चार ओळी निवडल्या.

"पुसालास व्हय?" मागं चिमणाबाई उभी होती. मामांची बायको. सगळ्या बायका अंगणात थांबल्या होत्या, ही एकटी रोज कामावर येत होती.

"मामी, त्यात काही नसतंय."

"काय नसतंय, तर पुसायची येवडी घाई कशापायी? जित्तेपणी त्यांचं कुणी ऐकलं न्हाय. आता बोलालेत, तर ऐक की जरा!"

तिची समजूत काढायला म्हणून त्यानं पॅनेल उघडलं आणि वाकून बघितलं. पाचव्या जागेवर वायर होती. त्यानं न लावलेली. तिच्या टोकाशी सुतळीची दुहेरी गाठ होती, मामा डब्याला मारायचे तीच. सेन्सर येणार म्हणून मामांनी वायर ओढून तयार ठेवली होती. बोट धरून न्यावं तशी ती वायर दोघांना भिंतीच्या कडेनं बॉयलरच्या मागं घेऊन गेली.

तिथं सेन्सर नव्हताच. नुसती उघडी तार विटांच्या फटीत खोचलेली. भिंत ओलीगच्च आणि चटका बसेल इतकी तापलेली. त्यानं कान लावला. आत कुणीतरी दातांतून श्वास सोडल्यासारखा आवाज येत होता. फटीतून टॉर्च मारला, तर बॉयलरच्या पत्र्याला वीतभर चीर! वाफ वाढली की भिंत भिजायची, भिंत भिजली की तारेवर आकडा चढायचा; जेवणाच्या सुट्टीत आग मंदावली की उतरायचा. भूतबीत काही नव्हतं.

"आग काढा! सगळे बाहेर पळा!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला.

दुपारी फिटरनं चीर पाहिली आणि कपाळाला हात लावला. हा बॉयलर उद्याचा दिवस बघणार नव्हता, म्हणाला. पडद्यावरचा आकडा हळूहळू उतरत होता. प्रसेनजीतला राहवेना.

"मामी, हा सेन्सर मामांनी माझ्याकडं मागितला होता. मी विसरलो. चूक माझी हाय."

चिमणाबाईनं त्याला हाताला धरून भिंतीच्या पलीकडं, सोलाईच्या खोलीत नेलं. चिरीच्या बरोबर समोर, भिंतीला टेकून एक पोतं अंथरलं होतं.

"वीस वर्सं झाली, मी हितंच पाठ टेकून बसतोय," ती म्हणाली. "भित ऊब देती म्हणून. त्यास्नी म्हाईत हुतं."

नंतर नवा बॉयलर आला, मागच्या भिंतीला सेन्सरही बसला. फाइलीत पाचव्या चॅनेलचं नाव मात्र प्रसेनजीतनं बदललं नाही, आणि संयोगिताबाईंनीही ते काढ म्हणून परत सांगितलं नाही.