कडं नसलेला ग्रह

धुळ्याच्या एका गणेश मंडळाच्या अध्यक्षांनी मला फसवलं. साल १९९६.

माझं जळगावला पिंप्राळ्यात कूलर बनवायचं वर्कशॉप. पत्रा ठोकता ठोकता स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. आदल्या वर्षी पेपरात वाचलं होतं, आपल्या सूर्यासारख्याच दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला. पन्नास प्रकाशवर्षं लांब. वजन गुरूच्या निम्मं तरी. ताऱ्याला इतका खेटून की त्याचं वर्ष सव्वाचार दिवसांत संपतं, आणि उष्णता हजार अंशांच्या घरात. म्हटलं, उन्हाचं काम आहे, हे जळगावकरानंच करावं.

पत्र्याचा गोळा ठोकला. शास्त्रज्ञांच्या अंदाजानं त्याचं एकच तोंड कायम ताऱ्याकडे असतं, म्हणून तो मधल्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या दांड्याला पक्का वेल्ड केला. कूलरची मोटर जोरात पळते. तिला रसवंतीच्या चरकाची जुनी दातेरी चाकं जोडून वेग उतरवला. सव्वाचार सेकंदांत बरोबर एक फेरी. उजेडाची बाजू निखाऱ्यासारखी रंगवली. काळोखाच्या बाजूला तांबूस वावटळी काढल्या, त्या माझ्या मनातल्या. तिकडचा वारा उजेडाकडून अंधाराकडे सारखा पळत असणार, असं मला वाटलं. असा ग्रह अख्ख्या खानदेशात कुणी केला नव्हता.

भाव करण्यात मी कुणाला हार जात नाही. पण अध्यक्षांना म्हणालो, "आबा, एक पैसा नको. तारा पूर्वा भाद्रपदेजवळ आहे, महिनाही भाद्रपद. आरास जमून येते. फक्त पाटीवर ग्रहाची खरी माहिती आणि खाली माझं नाव."

"लावली समजा पाटी," आबा म्हणाले.

ग्रह मंडळाकडे पोचवला. गणपतीतल्या शनिवारी बघायला धुळ्याला गेलो. ग्रहाला जरीकागदाचं कडं बसवलेलं. मोटर बंद. पाटीवर 'शनिमहाराज प्रसन्न'. पुढे बाया रांगेत. एका अक्कानं मलाच विचारलं, "हाऊ शनिमहाराज शे ना रे भाऊ? तेल कोठे वाहू?"

माझं डोकं फिरलं. "आबा, काय ठरलं होतं?"

"पाटी ठरली होती. लावली की!"

"आणि हे कडं?"

"भाऊ, तापू नका. कड्याशिवाय लोक म्हणाले, टमाटा टांगलाय. आणि पन्नास प्रकाशवर्षांवरचा ग्रह आमच्या गल्लीत कुणाला पावणार?"

"मोटर का बंद केली?"

"फिरत्या देवावर तेल कसं वाहणार?"

माणसं हसली. मी कडं ओढून काढायला हात घातला, तर चौघांनी मला धरून मांडवाबाहेर नेलं. आरासीचं पहिलं बक्षीस मंडळालाच मिळालं. पेपरात फोटो आला, खाली छापलं: शनी.

पुढे असे कितीतरी ग्रह सापडले. पण तेव्हा, त्या पहिल्याच वर्षी, तो खानदेशात मी फिरवला होता.

आबा, तुम्ही अजून त्याच गल्लीत राहता. पत्र्यावर एक ठोका न मारता माझ्या ग्रहाचं नाव तुम्ही कोणत्या हक्कानं बदललंत? त्याच चौकात उभं राहून सांगा. मी ऐकायला येतो.