सहा फूट, तीन इंच

बाईंनी सव्वीस वर्षं एका शाळेच्या कँटीनमध्ये सूप ढवळलं. कँटीन बंद झालं तेव्हा मुख्याध्यापकांनी निरोपाच्या भाषणात त्यांना शाळेची आई वगैरे म्हटलं, एक गुच्छ दिला आणि मोकळे झाले. बाईंनी कँटीनचं मोठं पातेलं मागून घेतलं. गुच्छ चार दिवसांत सुकला. पातेलं मात्र स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरेना इतकं मोठं होतं, आणि रोज त्याला वळसा घालता घालता बाईंनी ठरवून टाकलं, की मोठ्या बागेत कारंज्यापाशी गाडी लावायची. सूप, टोस्ट आणि उकडलेला मका.

बागेत गाड्यांच्या जागा पाचच. एक रिकामी झाली होती आणि तिच्यासाठी यादीत बाईंचा नंबर पहिला लागला. पण नंबर लागणं वेगळं आणि परवाना हातात पडणं वेगळं. उद्यान विभाग म्हणाला, आधी आरोग्य विभागाचा कागद आणा. आरोग्य विभाग म्हणाला, जागा नक्की झाल्याशिवाय कागद कसा देणार? अग्निशमनवाल्यांना गॅसच्या नळीची पावती हवी होती, आणि नळीवाल्यानं ती दिलीच नव्हती. सात महिने बाईंनी उंबरठे झिजवले. चिडल्या मात्र एकदाही नाहीत. मधल्या सुट्टीत तीनशे पोरांची रांग आवरलेली बाई, तिला खिडकीमागच्या एका माणसाचं काय! शेवटी शेवटी तर तीन नंबरच्या खिडकीतला कारकून त्यांना मावशी म्हणू लागला आणि स्वतःच्या पित्ताची तक्रार सांगू लागला. बाईंनी त्याला तिखट कमी करायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात शिक्का मिळाला.

आता राहिली होती फक्त गाडीची तपासणी.

गाडी नवऱ्यानं केली होती. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी कपाटं केली, आणि त्यांच्या कपाटाचं दार लागताना आवाज होत नाही अशी त्यांची ख्याती होती. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरू लागला. कामं तुटली, दुकान सोडावं लागलं. तेव्हापासून मिस्त्री खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत आणि समोरच्या घराची दारं कुणी बिघडवली यावर बोलत. पुढे तेवढंही बोलेनासे झाले.

"आई, तयार गाडी घे ना," मुलगी म्हणाली होती. "आठवड्यात घरी येते."

"घरात मिस्त्री असताना?" बाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर तयार गाडी सोयीची पडली असती, हे बाईंना कळत होतं. पण त्यांना गाडीइतकंच नवऱ्याला त्या खुर्चीतून उठवायचं होतं. आणि मिस्त्री उठले. सहा आठवडे घरभर भुसा उडाला. चार माणसांचं काम करून दमलेला माणूस जेवतो तसे ते जेवू लागले, आणि बाईंना फार बरं वाटलं.

सोमवारी निरीक्षक आला. मिस्त्री तेव्हा हात दाखवायला दवाखान्यात गेले होते. निरीक्षक तरुण होता, बोलायला गोड, पण मापाला पक्का. त्यानं टेप लावला, पुन्हा लावला आणि मान हलवली.

"ताई, लांबी बाहेरून सहा फूट चालते. ही तीन इंच जास्त आहे."

"तीन इंचांनी काय होतंय हो?"

"तिथून रुग्णवाहिका जाते. मला नाही सोडता येणार. गुरुवारी दुपारी बारापर्यंत माप बरोबर करा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल."

पुढचा माणूस म्हणजे आइस्क्रीमवाला. त्याची गाडी तयार होती आणि तो दोनदा येऊन कारंज्यापाशी उभा राहून गेला होता.

काय झालं असणार, ते बाईंच्या एका क्षणात लक्षात आलं. कपाट करणारा माणूस आतलं माप धरतो. आत कपडे मावले पाहिजेत, बाहेर कितीही होवो. मिस्त्रींनी सवयीनं आत सहा फूट धरले आणि दोन्हीकडच्या फळ्या त्याच्या बाहेरून चढवल्या. खरं तर बाईंनी अर्जातली ओळ त्यांना दोनदा वाचून दाखवली होती, 'बाहेरून' या शब्दावर बोट ठेवून.

"माझीच चूक," त्या निरीक्षकाला म्हणाल्या. "मिस्त्रींना माप मीच अर्धवट सांगितलं."

घरी नवऱ्यालाही त्यांनी हेच सांगितलं. मिस्त्रींनी गाडी आतून मोजली, मग बाहेरून मोजली. मग टेप हातात तसाच ठेवून ते पायरीवर बसले. आता हे पुन्हा खुर्चीत जाऊन बसतात की काय, याचीच बाईंना धास्ती होती.

"अहो, मी नुसतं सहा फूट म्हणाले बघा. बाहेरून म्हणायचं राहूनच गेलं."

"हं," मिस्त्री म्हणाले.

"दुसऱ्या कुणाकडून कापून घेऊ या का?"

"माझ्या कामाला दुसरा करवत लावणार?"

मंगळवारी सकाळी त्यांनी एक बाजू उतरवली. वरचा पत्रा, मधली फळी, तळ, सगळंच तीन तीन इंच कापायचं होतं. चाकं बरीच आत होती म्हणून वाचली. पत्रा कसाबसा निघाला, पण फळीवर करवत ठेवली की हात हलायचा आणि पातं रेघेवरून घसरायचं. तिसऱ्यांदा घसरलं तेव्हा बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मिस्त्री स्वतःची करवत घरात कुणाला शिवू देत नसत. आज त्यांनी मुठीवर बाईंच्या हाताला जागा केली.

"दाबू नकोस," ते म्हणाले. "नुसती धर."

असे दोन दिवस गेले. कड थोडी वाकडी आली आणि एक दार आता लागताना करकरू लागलं. मिस्त्रींनी ते दोनदा लावून पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

गुरुवारी साडेअकराला दोघांनी मिळून गाडी बागेत ढकलत नेली. निरीक्षक वाटच पाहत होता. टेप लागला. सहा फुटांना पाव इंच कमी. त्यानं कागदावर सही केली, शिक्का मारला आणि परवाना बाईंच्या हातात दिला. सात महिने खपून मिळवलेला कागद, पण बाईंनी तो नीट वाचलाही नाही. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या.

निरीक्षक खुशीत होता. "ताई, पुढच्या वेळी मिस्त्रींना माप पूर्ण सांगा बरं का," तो हसत म्हणाला.

"सांगेन हो," बाईही हसल्या.

मिस्त्री गाडीचं चाक अडवायला दगड लावत होते. ते उठून उभे राहिले.

"साहेब, हिनं पूर्ण सांगितलं होतं. दोनदा. चूक माझी आहे."

चौतीस वर्षांच्या संसारात बाईंनी त्यांच्या तोंडून हे कधीच ऐकलं नव्हतं. निरीक्षक टेप गुंडाळून निघून गेला. बाईंना रडू फुटलं, आणि ते लपवायला शेगडी पेटवावी म्हटलं तर काडी लागेना. मिस्त्रींनी काडेपेटी त्यांच्या हातातून घेतली.

"आण इकडे," ते म्हणाले. "तुझा हात थरथरतोय."