गाडी रांगेत, मी टेबलावर

माझ्या मुतखड्याने जेवढा देश पाहिला, तेवढा कुठल्या मंत्र्यानेही पाहिला नसेल. गुवाहाटीला तो उठला, तुतिकोरिनला जरा बसला, आणि नागपूरच्या पुढे मी असा काही ओरडलो की पुढच्या ट्रेलरवाल्याने हॉर्न समजून साईड दिली.

विम्याचं कार्ड खिशात होतं, ऑपरेशन फुकट होतं. पण नाशिकच्या विमा दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तारीख द्यायच्या, आणि त्या दिवशी मी भलत्याच राज्यात टायर बदलत असायचो. पुन्हा तारीख चुकवून गेलो तेव्हा त्यांनी सोनोग्राफी माझ्यासमोर धरली. "दादा, किडनी सुजलीय. आता नाही काढला तर ती जाईल."

"मॅडम, तारीखच नका देऊ. माझी गाडी सिन्नरला कारखान्याच्या रांगेत लागली की फोन करतो. माल उतरायला तिथे दोन-दोन दिवस नंबर येत नाही. तेवढ्यात उरका."

मॅडम हसल्या. "बरं, रांग लागली की या."

लागली. अशी की शेपूट नाशकात, इंदिरानगरला माझ्या दारापर्यंत आलं असेल. पण नंबर आला आणि ड्रायव्हर सीटवर नसला, तर गाडी पार मागे, आणि शेठ माझ्या जागी दुसरा बसवणार. रांगेत कुणी जेवायला गेला तर मागचा त्याची गाडी सरकवतो, तो रिवाजच आहे. पण रात्रभर चावी द्यायची? मी ती बायकोच्याही हातात देत नाही.

माझ्या मागे लुधियानाचे सरदारजी होते. मला घामाघूम बघून त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि हात पुढे केला. "उस्ताद, चाबी दे. पथरी तेरी है, जान मेरी क्यों निकाल रहा है?"

दिली.

दवाखान्यात पाठीत सुई टोचली आणि कमरेखालचा मी जणू सिन्नरलाच राहिलो.

"मॅडम, माझा नंबर आला असेल का हो?"

"इथे तुमचाच आहे. गप्प पडा."

खडा निघाला, किडनी वाचली. मी तो लिंबाएवढा होता असं सांगतो. बायको म्हणते, ज्वारीचा दाणा. म्हणून मी गोष्ट सांगताना तिला शेजारी बसवत नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. काही दिवस गाडी चालवायची नाही, त्या दिवसांचे पैसेही विम्यातून मिळतील, असं मॅडम म्हणाल्या. पण माझा जीव चावीत. जीपने सिन्नर गाठलं. गाडी रिकामी होऊन सावलीत उभी! गेटवरचा वॉचमन मला न्याहाळत म्हणाला, "काल सीटवर तुमीच व्हते ना? दाढी कवा काढली?"

मी सरदारजींना बाटलीतला खडा दाखवला. त्यांनी ती उजव्या डोळ्यापुढे धरली, मग डाव्या. "इस वाली से कुछ दिखता नहीं. मोतिया है. घर जाऊंगा तब दिखाऊंगा."

माझी गाडी एका डोळ्यावर सरकत होती! मी तिथूनच मॅडमना फोन लावला. "माझी गाडी सांभाळणाऱ्या सरदारजींना मोतीबिंदू आहे. पण विम्याचं कार्ड पंजाबचं आहे हो त्यांचं."

"असू दे. घेऊन या, करू इथेच."

पुढच्या खेपेला सरदारजी रांगेत लागले आणि मी मुद्दाम त्यांच्या मागे. चावी द्यायला त्यांनी माझ्याहून जास्त वेळ लावला. मग ते डोळ्याच्या ऑपरेशनला गेले आणि मी दोन्ही गाड्या सरकवत, त्यांच्या सीटवर बसून गेटपाशी आलो.

वॉचमनने वर बघितलं. "आता परत वाढवा की दाढी!"