अँटेनाची तिसरी जागा

अँटेना मी तिसऱ्या जागी बसवली, तेव्हा दादाचा कांदा काढून शेतात आठ दिवस पडून होता.

बोरी बुद्रुकला आमच्या वस्तीवर दादाची कांदा साठवायची बराख आहे, बांबूच्या भिंती आणि वर पत्रा. कंपनीतली नोकरी सोडल्यावर त्या बराखीत मी दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. सुरुवातीला नुसता पोलादी नळ्यांचा सांगाडा होता, एका कोपऱ्यात मावायचा, त्यामुळे कांदा आणि विमान गुण्यागोविंदानं राहिले. यंदा सांगाड्यावर कापड चढलं, शेपूट लागली, पंख भिंतीला टेकले आणि कांद्याला जागाच उरली नाही. होळीपर्यंत हलवतो, असा शब्द मी दादाला दिला होता. आळे गावात एका ओळखीच्याची शेडही ठरली होती. होळी झाली, पाडवा झाला, मी आपला तिथंच.

अडलं होतं रेडिओवर. कानाला हेडफोन लावले की वरून जाणाऱ्या विमानांचं बोलणं ऐकू यायला हवं. यायचंही. पण शेपटीवरचा चमकता दिवा लावला की कानात नुसती खर्रखर्र, कढईत मोहरी टाकावी तशी. दिवा बंद केला की सगळं शांत. म्हणजे दुखणं दिव्याचं, हे शेंबडं पोरही सांगेल. मीही तेच धरलं आणि अँटेना दिव्यापासून लांब न्यायला लागलो. आधी पाठीवर होती, ती पोटाखाली नेली. पोटाखालून काढून पुढं, सीटच्या मागं. दर वेळी कापडाला भोक, जुन्या भोकाला ठिगळ, नवी केबल, आणि नव्या केबलसाठी आत डोकं घालून तासन्‌तास उलटं पडणं. पाठ गेली, चष्म्याची एक काडी गेली. खर्रखर्र होती तिथंच.

मग दिवाच बदलला. तरी तेच.

त्या दिवसांत माझ्याशी बोलायला घरातलं कुणी धजत नव्हतं. वहिनी चहा आणून दाराशी ठेवायची आणि निघून जायची. दादा रोज सकाळी एकदा यायचा, दारातूनच विचारायचा, "व्हतंय का?" मी म्हणायचो, "दोन दिवस." तो मान हलवायचा. आभाळाकडं बघायचा. पातीखाली झाकलेला कांदा किती दिवस टिकतो हे मला काय माहीत नव्हतं? एक वळीव पडला की सडायला सुरुवात. पण मला वाटायचं, वायरिंग अर्धवट ठेवून विमान हलवलं तर पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल. निदान सगळ्यांना मी तसं सांगत होतो. खरं कारण एवढंच, की हरून बाहेर पडायची माझी तयारी नव्हती. चाळीस वर्षं वायरी जोडत आलेला माणूस मी, एका दिव्यापुढं हात टेकू?

मग एका दुपारी दादा आत आला. आला तो थेट शेपटीपाशी गेला, वाकून बघत राहिला. मी सीटमागं उलटा पडलेलो होतो.

"आरं, ह्या दिव्याला येकच वायर हाय," तो म्हणाला. "परतीची कुठंय?"

"नळीला जोडलीय. सगळा सांगाडा लोखंडी आहे, कशाला उगाच दुसरी वायर ओढायची? वजन वाढतं."

"म्हंजी बोअरच्या पायपावर बल्ब लावतो तसं."

लहानपणी वस्तीवर लाइट गेली आणि एखादी फेज उरली, की आम्ही एक वायर तिला लावायचो आणि दुसरी बोअरच्या पाइपाला. बल्ब लागायचा. ही युक्ती मला दादानंच शिकवलेली. पाइपाला हात लागला की झिणझिण्या यायच्या, पण बल्ब लागायचा.

"पायपाला मुंग्या येत्यात ना," दादा म्हणाला, "तशा तुझ्या इमानाला येत असत्याल. आन् तुझी अँटेना बी त्याच नळीला."

मला त्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही. आला, कारण तो बरोबर होता. अँटेना कुठंही नेली तरी तिची अर्थिंग त्याच सांगाड्यावर, आणि दिव्याचा सगळा करंट त्या सांगाड्यातूनच परत येत होता. वायर वाचवायची खोड माझी, आणि तीन आठवडे मी कापडाला भोकं पाडत बसलो होतो.

मी दिव्याला दुसरी वायर ओढली आणि बॅटरीपर्यंत आणली. तासाभराचंसुद्धा काम नव्हतं. दिवा लावला. हेडफोन कानाला लावले. मुंबईकडं निघालेल्या कुणा वैमानिकाचा आवाज आला, शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ.

मी खाली उतरलो. "दादा, झालं. उद्या सकाळी गाडी बोलावतो, दुपारी बराख मोकळी. तू कांदा भरायला घे."

"कांदा ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "परवाच दिला फाट्यावर. आभाळ लई भरून आलं व्हतं."

"सगळा?"

"सगळा."

"आणि दर?"

"काढणीत कसला दर आसतोय?"

फाट्यावर म्हणजे आळेफाट्याच्या बाजारात. बराखीत ठेवून दर चढल्यावर विकायचा कांदा त्यानं मातीमोल दिला होता, आणि परवाही सकाळी दारात उभं राहून मला नुसतं "व्हतंय का?" एवढंच विचारलं होतं. मी दोन दिवस म्हणालो होतो. मला माझी लाज वाटली.

दादानं माझ्या हातातले हेडफोन घेतले, टोपी सरकवून एक बाजू कानाला लावली. बराच वेळ ऐकत उभा राहिला.

"काय बोलत्यात ते कळंना," तो म्हणाला, "पण साफ येतंय."