एका सामन्याची सरासरी

आमच्या शहरात मुलींची फुटबॉल लीग झाली होती, असं सांगितलं की लोक मला ऊन लागलं असं समजून पाणी आणून देतात. पण झाली होती. चार संघ होते, प्रत्येकाचे प्रत्येकाशी तीन सामने होते, एक मैदान होतं आणि कमिटीत नऊ पुरुष होते. त्यांतल्या एकानंही जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, त्यामुळं निर्णय अगदी निःपक्षपाती होत.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या दगडफेक, परवा संचारबंदी. तिकडं चिकलठाण्यात कारखान्यांची इतकी भरभराट, की कंपनीच्या मुलींच्या संघाला ओव्हरटाइममधून खेळायला सवड मिळेना. त्यांचे सामने पुढं ढकलता ढकलता मोसम संपत आला. आम्ही कॉलेजच्या मुली मात्र रिकामटेकड्या. पाच सामने खेळलो, चार जिंकलो, एक बरोबरीत सुटला. निम्मे गोल आमच्या सोयगावच्या फॉरवर्डचे. मेंढरांमागं पळून तिचे पाय तयार झाले होते. बापानं तिला एकच वर्ष दिलं होतं: राज्य स्पर्धेला गेली तर पुढं शिकायचं, नाहीतर घरी. आणि राज्य स्पर्धेला फक्त विजेता संघ जाणार होता.

सहावा सामना कंपनीच्या संघाशी. त्या सकाळी आमच्या निम्म्या मुलींच्या वस्तीत संचारबंदी लागली. कंपनीचा संघ कंपनीच्या बसनं वेळेवर हजर. पंच म्हणजे त्यांच्याच टाइम ऑफिसातला कारकून. त्यानं घड्याळ लावून पंधरा मिनिटं आमची वाट पाहिली आणि शिट्टी फुंकली. त्यांच्या कर्णधारानं रिकाम्या गोलात चेंडू ढकलला. सामना संपला. दुसऱ्या दिवशी लीगही गुंडाळली.

विजेता ठरवायला बैठक बसली. चहा, भजी, पुन्हा चहा. आमचे गुण सगळ्यांत जास्त, हे कमिटीला मान्य होतं. पण सगळ्यांचे सामने सारखे झाले नाहीत, तेव्हा सरासरी काढू, असं त्याच कारकुनानं सुचवलं. कंपनीचा सामना एक, विजय एक. आमचे सामने सहा, त्यात एक गैरहजेरी.

मी कर्णधार होते. म्हटलं, "साहेब, संचारबंदी होती. गैरहजेरी कशी?"

"ताई, मस्टरला हजर नाय तर गैरहजर, एवढंच असतं. संचारबंदीचा रकानाच नाय."

नऊ माना डोलल्या. आम्हाला शिस्तीबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांना न खेळल्याबद्दल कप, आम्हाला न खेळल्याबद्दल कागद. अन्याय म्हणून कुणावर झाला नाही.

चौथ्या दिवशी फॉरवर्डचा बाप आला. एसट्या बंद, म्हणून निम्मी वाट चालत. वसतिगृहाच्या फाटकात उभं राहून त्यानं तिला विचारलं, "हारली का?"

"हारलो नाय, बा. जाताच आलं नाय. संचारबंदी व्हती."

"बरं," म्हणून त्यानं तिची पेटी डोक्यावर घेतली.

कमिटीवर मी आजवर भरपूर तोंडसुख घेतलंय. एक गोष्ट मात्र सांगत नाही. वसतिगृहाकडं संचारबंदी नव्हती. आम्ही सात जणी मोकळ्या होतो, आणि नियमानं सात जणींत सामना खेळता येतो. त्या सकाळी फॉरवर्ड बूट बांधून माझ्या दारात उभी होती. "चल ना ताई, सात लई झाल्या." वस्तीतल्या मुली पोलिसांच्या काठ्या खात असताना मी मैदानात उतरणार नाही, असं मी मोठ्या बाण्यानं सांगितलं. ते आजही मला बरोबर वाटतं. फक्त त्याची किंमत मला मोजावी लागली नाही. फाटकातून जाताना तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि बापाला माझं नाव सांगितलं नाही.